पंधरावा बंधू

५ सप्टेंबर, मंगळवार

घरात नऊ मुले उरली आहेत. विद्यार्थी बंधुसंघाच्या मध्यवर्ती कार्यालयाचे म्हणणे स्पष्ट आहे — नाताळच्या सुट्टीपूर्वी आमच्या शाखेत पंधरा बंधू नसतील, तर सनद काढून घेतली जाईल. शाखेचा सल्लागार म्हणून जेवणाच्या टेबलावर मीच हे सांगितले. मग डेक्स्टर म्हणाला, "म्हणजे आणखी सहा जणांना फसवायचं." सगळे हसले. मी हसलो नाही.

कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून मी याच घराच्या तिसऱ्या मजल्यावर राहिलो. पदवीनंतर विम्याचा व्यवसायही इंडियानातल्या याच गावात थाटला, तो काही केवळ विम्यासाठी नव्हे.

एमेट हा यंदाचा अध्यक्ष. गुणी आहे; शर्ट मात्र कधी आत खोचलेला नसतो. त्याला सांगितले — दर्शनी खोलीतला फाटका सोफा आधी हलवा.

१० सप्टेंबर, रविवार

सोफा हलवला — पुढच्या व्हरांड्यात! आता तो रस्त्यावरूनही दिसतो.

२३ सप्टेंबर, शनिवार

नव्या मुलांसाठी घर खुले ठेवण्याचा दिवस. मी आखून दिलेला कार्यक्रम असा होता: स्वागत, शाखेचा इतिहास, सरबत. पहिल्या तासात दोघे आले, त्यांतला एक चुकून.

नंतर जे घडले ते कार्यक्रमात नव्हते. जोएल हॅडली नावाचा दुसऱ्या वर्षाचा उंच, हाडकुळा मुलगा घर बघायला आला होता. वडिलांच्या शेतातली मक्याची कणसे त्याच्या गाडीत होती. त्याने एमेटला विचारून शेगडी हिरवळीवर आणली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कणीस देऊ लागला. कोणाला आत चला म्हणाला नाही, की शाखेचे नाव घेतले नाही. संध्याकाळी हिरवळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. माझे इतिहासाचे भाषण कोणी मागितले नाही.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

सहा उमेदवारांनी आज कोटाला उमेदवारीची पिन लावून घेतली. जोएल त्यांच्यात आहे. उरलेल्या पाचांतले चार त्याच्या कणसांचे.

लॉइसला सांगितले — नऊ आणि सहा, बरोबर पंधरा. ती विणता विणता म्हणाली, "एकाला गालगुंड झाले तरी सनद जाईल की तुझी." बत्तीस वर्षांच्या संसारात ही बाई एकदाही बेरजेला चुकलेली नाही.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

घराच्या तळघरात दीक्षाविधीच्या तालमी सुरू. विधी गुप्त असल्याने उमेदवारांना तो आधी दाखवत नाहीत. तालीम जुन्या नऊ जणांची. आमच्या शाखेची एक रीत आहे, आणि ती इतर शाखांतही ठाऊक आहे: विधीत एक शब्द चुकला तरी थांबायचे आणि तो भाग पहिल्यापासून म्हणायचा. ही रीत माझ्याआधीची. पण तिच्यामुळे माझी जी कीर्ती झाली आहे ती मला मान्य आहे. आज डेक्स्टरला एकाच परिच्छेदावर सात वेळा थांबवले. सातव्या वेळी तो म्हणाला, "मिस्टर व्हॉस, माझ्या लग्नाला येऊ नका. लग्न लागायचंच नाही." तरीही आठव्यांदा त्याने बिनचूक म्हटले.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

जोएल कचेरीत आला. टोपी हातात, उभाच. म्हणाला, विधीत शपथ असते असे ऐकले, ते खरे का? मी म्हणालो, असते. बंधुत्वाची शपथ घेतल्याशिवाय कोणी बंधू होत नाही.

तो क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा आहे. त्यांच्या प्रार्थनेत सगळे गप्प बसतात, आणि शपथ ते कोणतीच घेत नाहीत. त्याच्या आजोबांनी न्यायालयात साक्ष दिली तीही नुसत्या शब्दावर. अमेरिकेच्या न्यायाधीशाला जे चालते, ते आमच्या तळघरात चालत नाही!

मी समजावले की हे एकच वाक्य आहे, कोणाचे अहित त्यात नाही. तो म्हणाला, "सर, मी एकदा शपथ घेऊन खरं बोललो, तर एरवी मी बोलतो ते काय समजायचं?"

पेन्सिलींना टोक करत बसलो.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

गॉर्डन प्रुइटला फोन केला. आमच्या विभागाचा निरीक्षक. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने आणि मी एकाच संध्याकाळी दीक्षा घेतली. शपथेऐवजी "शब्द देतो" असे चालेल का, एवढेच विचारले. तो कितीतरी वेळ हसत होता. "रोली, तू हे विचारतोस? अरे, मधमाशी चावली तरी विधी पहिल्यापासून घेणारा माणूस तू." मग गंभीर झाला. विधीतला शब्द बदलायचा अधिकार त्यालाच काय, संघाच्या राष्ट्रीय अध्यक्षांनाही नाही. बदललेल्या शब्दांची दीक्षा ती दीक्षाच नव्हे.

मला हे ठाऊक होते. त्याच्या तोंडून ऐकायचे होते, की दुसरे काही ऐकायचे होते, हे निश्चित सांगता येत नाही.

८ नोव्हेंबर, बुधवार

मुलांना कळले. मी शक्य तितके कोरडेपणाने सांगितले. डेक्स्टर चिडला — "लेका जोएल, आम्ही इथे वर्षानुवर्षं राहतोय आणि सगळं तुझ्या एका शब्दावर अडलंय." जोएल म्हणाला, हवे तर तो पिन परत देतो. एमेटने त्याला ऐकवले, की तू गेलास तर चौदा, म्हणजे सनद तशीही जाणार. निदान बस आणि जेव.

नवे उमेदवार घेण्याची मुदत ऑक्टोबरातच संपली आहे. जोएलला विधीच्या दिवशी तळघरात यायला मी सांगितले. का, ते त्याने विचारले नाही, आणि मलाही सांगता आले नसते.

१८ नोव्हेंबर, शनिवार

विधी झाला. गॉर्डन निरीक्षक म्हणून भिंतीशी बसला होता. पाच उमेदवारांचे निर्वेध पार पडले. शपथ देण्याचे काम सल्लागाराचे. सहावा जोएल.

मी म्हणालो, "या बंधूंसमोर तू शब्द देतोस का?"

सगळे थांबले. मला हे अपेक्षित असायला हवे होते — मीच त्यांना शिकवले आहे. शब्द चुकला की थांबायचे. एमेटच्या हातातली मेणबत्तीही खाली आली. सगळे मी पहिल्यापासून सुरुवात करण्याची वाट पाहत राहिले. डेक्स्टरने तर, देव त्याचे भले करो, ओठांच्या कोपऱ्यातून मला बरोबर शब्द पुरवला.

"पुढे चला," मी म्हणालो.

जोएल म्हणाला, "देतो."

गॉर्डनकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही. वर केक आणि कॉफी होती. तो न थांबता निघून गेला.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

गॉर्डनचा फोन. अहवाल गेला. विधी शब्दशः पार पडला, सहाही उमेदवारांनी शपथ घेतली, शाखेत पंधरा बंधू आहेत, असे त्याने लिहिले आहे. "मला हल्ली जरा कमी ऐकू येतं, रोली," तो म्हणाला. मी आभार मानले. मनापासून मानले. घरी येताना शीळ वाजवत होतो, असे लॉइस म्हणते.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. टर्की उत्तम. माझी भूक गेली आहे. जोएलने शपथ घेतल्याचे कागदावर आले, आणि ते त्याला ठाऊक नाही. लॉइसला सांगितले. तिने ताट उचलले आणि ती म्हणाली, "मग सांग त्याला. मला कशाला सांगतोस?"

२७ नोव्हेंबर, सोमवार

अहवालात काय लिहिले आहे ते सगळ्यांना सांगितले. मग जोएल म्हणाला, "म्हणजे मी जे केलं नाही त्यावर आपण सगळे इथे राहणार." रागाने नव्हे. हिशेब जुळत नाही असे सांगावे, तसे.

गॉर्डनला खरे लिहायला लावायचे का, हे ठरवण्यासाठी एमेटने मतदानाची पेटी आणली. नव्या मुलांना घ्यायचे की नाही ते आम्ही तिच्यात गोट्या टाकून ठरवतो: पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार, आणि एक काळी पुरते. सल्लागाराला मत नसते. मी खिडकीशी उभा राहिलो.

एक काळी निघाली.

एमेट पेटी बंद करत होता तेवढ्यात डेक्स्टर म्हणाला, "माझी होती. आता सगळंच खरं बोलायचं म्हटल्यावर लपवून काय करू?" त्याला विचारले, मत बदलायचे आहे का. म्हणाला, "सनद जावी असं मला आजही वाटत नाही. पण आपल्यासाठी कोणी खोटं लिहितंय आणि मी वर गाद्यांवर लोळतोय, हेही जमायचं नाही मला. फिरवा पुन्हा."

दुसऱ्या वेळी सगळ्या पांढऱ्या.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

गॉर्डनशी बोललो. शब्द मी बदलला आणि जाणूनबुजून बदलला, हे मी स्वतः कार्यालयाला कळवतो आहे. त्याने त्याआधी अहवाल दुरुस्त करावा, असे सुचवले.

"तुझ्यासाठी केलं होतं मी ते," तो म्हणाला.

ठाऊक आहे, म्हणालो. त्याने फोन ठेवला. एवढ्या वर्षांत निरोप न घेता त्याने फोन ठेवल्याचे आठवत नाही.

१५ डिसेंबर, शुक्रवार

निर्णय आला. जोएल हॅडली याची दीक्षा अमान्य. बंधू चौदा. सनद रद्द. सल्लागारपदावरून मला मुक्त करण्यात आले आहे. भाषा नेमकी आहे. एकही शब्द वावगा नाही. गॉर्डनकडून काही नाही.

मुले सुट्टीवर जाण्यापूर्वी एमेटने आणि मी दारावरची, शाखेच्या नावाची ग्रीक अक्षरे उतरवली. पितळी आहेत, वाटतात त्याहून जड. घर माजी बंधूंच्या विश्वस्त मंडळाचे आहे; भाडे देणाऱ्याला राहता येईल, हे मी सर्वांना सांगून ठेवले. शाखा नसताना कोण राहील, हे विचारले नाही.

२१ जानेवारी, रविवार

लॉइसने जबरदस्तीने पाठवले, म्हणून गेलो. पंधराही जण परतले आहेत. दारात तीन नवी मुले उभी होती. एमेट त्यांना स्वच्छ सांगत होता — आमच्याकडे सनद नाही, अक्षरे नाहीत, विधी नाही. आम्ही नुसते इथे राहतो.

त्यांतला एक म्हणाला, "ते कळलं. खोली आहे का?"