युनीच्या ऑफिसात तू बोललीस ते

प्रिय आई,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. असू दे.

काल पेंडल हिलच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. संपल्यावर मराठी मंडळाच्या देशपांडे काकूंनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “त्या युनीच्या प्रकरणाने खचली गं ती. पण शेवटपर्यंत तुला माफ केलं होतं तिने.” माफ! मला! आणि मी सगळ्यांदेखत “हो काकू” म्हणाले. म्हणून आज लिहायला बसले.

मंडळाची स्कॉलरशिप मिळाली तेव्हा मी इथल्या युनिव्हर्सिटीत फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आपली पीआर, इथे कायम राहायची परवानगी, अजून व्हायची होती, त्यामुळे फी परदेशी विद्यार्थ्यांची. युनीने त्यातली निम्मी माफ केली होती म्हणून तर शिकत होते मी. त्यांची अट एकच होती, बाहेरून आणखी स्कॉलरशिप मिळाली तर आम्हाला कळवा. मी ईमेल लिहून तयार ठेवला होता.

तू कणीक मळत होतीस. “कळवलंस तर तेवढी सवलत कापतील. त्यांना काय स्वप्न पडणार आहे?”

“आई, नियम आहे.”

“मग जा, कर मनासारखं. आईला काय कळतंय!” आणि त्या रात्री जेवली नाहीस. सकाळी मी तो ईमेल डिलीट केला.

आणि तू काय केलंस? स्कॉलरशिप घेतानाचा माझा फोटो फेसबुकवर टाकलास, वर युनीलाच टॅग केलंस! आपल्या अख्ख्या टूनगॅबीला कळायला हवं होतं ना, कुणाची मुलगी ते!

युनीने बोलावलं तेव्हा तू आपणहून बरोबर आलीस. ट्रेनमध्ये माझा हात धरून म्हणालीस, “घाबरू नकोस. मीच सांगते त्यांना, पोरीची चूक नाही.” किती हलकं वाटलं होतं मला!

ऑफिसातली बाई चांगली होती गं. तिने मला हळूच विचारलं, कळवू नकोस असं घरी कुणी सांगितलं होतं का? गैरसमजातून झालं असेल तर काहीतरी मार्ग काढता येईल. मी तुझ्याकडे पाहिलं. तू पर्स मांडीवर घट्ट धरलीस आणि म्हणालीस, “नो, नो. शी नेव्हर टोल्ड अस द रूल.”

एरवी दुकानात दही मागायलाही मला पुढे करायचीस. तेव्हा बरं जमलं इंग्रजी!

मी का गप्प बसले? परक्या बाईसमोर आईला खोटं पाडायची मला लाज वाटली. तुला नाही वाटली.

फीची सवलत गेली, कोर्स सुटला. मी स्कोफिल्ड्सच्या चाइल्डकेअरमध्ये लोकांच्या मुलांचे लंगोट बदलत होते, आणि तू मंडळात सांगत होतीस, “आजकालची मुलं कुठे विचारतात आईबापांना!” बाबांनाही तेच सांगितलंस. ते माझ्याशी वर्षभर धड बोलले नाहीत. दिसत नव्हतं तुला?

तुझ्या शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये तुला एकदाच म्हटलं, “आई, निदान बाबांना तरी खरं सांग.”

“आता कशाला ते? झालं ना तुझं लग्न, सगळं नीट,” म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड फिरवलंस. तेव्हा मला तिसरा महिना होता. सांगायलाच आले होते तुला. नाही सांगितलं. तू नातवंडाची वाट बघत गेलीस. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाटायला हवं का?

बाबांना मी काही सांगणार नाही. त्यांना तुझ्यासाठी रडू दे. पण एक शब्द देते. माझं मूल कधी असं कुणापुढे मान खाली घालून बसलं, तर मी त्याच्या शेजारी बसून खरं बोलेन, माझी कितीही अब्रू जावो. आणि मोठं झाल्यावर त्याने विचारलं, आजी कशी होती, तर तेही खरंच सांगेन.

तुझीच, नाइलाजाने,
सायली