चालवणारा माझा जावई

दि. १९ जुलै

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार, वि. वि.

पाकिटावर सवयीनं ‘सौ.’ लिहून बसले आणि पाकीट फाडलं. स्वतः एवढी वर्षं विधवा आहे, तरी तुमच्या नावाआधीचं ते अक्षर काढताना हात चालेना.

सूनबाई फोन उचलत नाही, म्हणून लिहिते. पेपरवाले रोज छापताहेत की पावसात धावपट्टी दिसत नव्हती, दुसरं विमान मागे फिरलं, माझ्या लेकानंच विमान उतरवायचा हट्ट केला आणि टेकडीवर आदळला. चौकशीवाले म्हणतात, निष्कर्षाला वेळ लागेल. लोकांचा निकाल मात्र लागलासुद्धा! काल भाजीवालीनं पैसे घेताना मान वर केली नाही. तिचा पुतण्या होता त्या विमानात. मी तिला काय बोलणार? माझ्या पोटचा गोळा गेला, हे म्हणायचीही चोरी झालीय. चुकला असेल तो. नसेलही. पण मी त्याची आई, मला रडायला तरी मिळावं की नाही?

त्याच विमानात आमचे व्याहीही गेले. जावयाचं विमान असलं तरच प्रवास करायचे आणि शेजारच्या माणसाला सांगायचे, चालवणारा माझा जावई! जशी काही घरचीच रिक्षा. किती चिडवायचे मी त्यांना. आता तुमच्यासमोर कोणत्या तोंडानं येऊ?

एकच विचारते. सूनबाईला भेटायला आले, तर दारात उभं कराल ना? नाही म्हणालात तर समजेन. पुन्हा त्रास देणार नाही.

लोभ मागायचा हक्क उरलाय की नाही ठाऊक नाही, तरी मागते.

तुमची विहीण

दि. २४ जुलै

विहीणबाईंना नमस्कार, वि. वि.

गोडगोड लिहिणं मला जमत नाही. जावईबापूंचा राग आहे मला. लेकीच्या देखत शिव्याशाप दिलेत मी त्यांना.

पण एक तुम्हाला ठाऊक नाही. निघण्याआधी ह्यांचा विमानतळावरून फोन आला होता. जावईबापू स्वतः येऊन सांगून गेले होते, बाबा, हवा बरी नाही, तुम्ही उद्या या. हे हसले म्हणे. तुम्ही जाणार आणि मी मागे राहू होय? म्हणजे राग ह्यांचाही. दोघांशी कडाकडा भांडावंसं वाटतं, पण समोर आहे कोण?

आमच्याकडे माणसं येतात, ह्यांच्यासाठी रडतात. लेकही बापासाठी रडते. नवऱ्याचा विषय निघाला की सगळे गप्प होतात आणि ती उठून आत जाते. काल न्हाणीघरात नळ किती वेळ वाहत राहिला म्हणून दार ठोठावलं, तर नळाच्या आवाजाआड ही हुंदके देत होती. म्हणाली, आई, बाबांसाठी मी तुझ्या कुशीत रडते, त्याच्यासाठी कुठे रडू? तुमचा फोन का उचलत नाहीस विचारलं, तर म्हणाली, त्यांचा आवाज ऐकला की मला आवरणार नाही, आणि तुला ऐकू जाईल.



तेव्हा या. लवकर या. मी तुमच्या गळ्यात पडेन असं समजू नका, मला वेळ लागेल. तिला जवळ घ्या आणि दोघी मिळून त्याच्यासाठी मोठ्यानं रडा, माझ्या घरात. मी स्वयंपाकघरात असेन. दार लावून घेणार नाही.

लोभाचं काय ते भेटीत बघू.

तुमची विहीण