जीपच्या मॅटखालचं ठिगळ

जीप शोधू नकोस, मी वर्कशॉपला नेली आहे. तू आज बसने जा. चहा थर्मासमध्ये आहे.

सहा महिने मी "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणत राहिलो, म्हणून तू रोल बार, जीप उलटली तर डोकं वाचवणारी ती लोखंडी कमान, त्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून करून घेतलीस. ठीक आहे. पण घरात वेल्डर नवरा असताना तीन दिवस जेवताना त्याच्याच हाताचं कौतुक ऐकून माझ्या घशाखाली घास उतरेना. आज सकाळी हातोडी आणि टॉर्च घेऊन त्याच्या कामात खोट काढायलाच जीपमध्ये शिरलो. एकेक जोड ठोकून पाहिला. सापडली नाही. मेल्याचा हात खरंच साफ आहे.

मग मॅट उचलली. तुझ्या सीटमागे त्याने कमानीचा पाय जिथे बोल्टने बसवलाय, तिथला गंजलेला पत्रा मी सात वर्षांपूर्वी बदलला नव्हता. पातळ ठिगळ लावून वर पुट्टी फासली होती, आणि तुला सांगितलं, नवा घातला. वरून त्याला कसं कळणार? जीप उलटली असती तर पाय पत्रा फाडून खाली गेला असता आणि सगळी कमान तुझ्या डोक्यावर बसली असती.

ठिगळ कापून थेट चासीला जाड पट्टी जोडतोय. संध्याकाळी जीप घेऊन येतो.

कमान त्याचीच ठेवतो. जेवताना त्याचं खुशाल कौतुक कर. फक्त ते ठिगळ कोणाचं होतं, एवढं त्याला सांगू नकोस.