पाळण्याची निर्यात

३ मार्च
मुलीला मे महिन्यात बाळ होणार. तिकडे परदेशात मिळून मिळून काय मिळणार, प्लास्टिक. तिचा स्वतःचा लाकडी पाळणा पाठवतोय. तिने मागितलेला नाही, पहिल्यापासून संकोची. तीस वर्षं क्लिअरिंग ऑफिसात काढली. कस्टम्स म्हणजे आपल्या हातचा मळ.
जोडणीचा कागद पेटीत मुद्दाम घातला नाही. जोडायला मलाच बोलवावं लागेल. पासपोर्ट शोधून ठेवला.

१९ मार्च, दुपार
कस्टम्समध्ये सगळे नवे चेहरे. किमतीच्या रकान्यात ‘अमूल्य’ लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी आकडा मागितला. मग लाकडाला कीड नसल्याचं सर्टिफिकेट. इथे त्याची सक्ती नाही, हे नियम काढून दाखवलं. तिकडे लागेल, म्हणाल्या. तिकडचं तिकडे बघू.
एका एजंटने कार्ड दिलं. परत केलं. आमच्या वेळी एजंट आम्हाला विचारायला यायचे.

१२ एप्रिल
माल जहाजावर चढला. वशिला नाही, एजंट नाही. बॅग भरायला घेतली.

२७ मे
नात झाली. जावयाचा मेसेज. फोटोत मागे एक पांढरा पाळणा दिसतो. तात्पुरता असणार.

८ जून
पेटी तिकडच्या कस्टम्सने अडवली. सर्टिफिकेट हवं, शिवाय माल घेणाऱ्याची सही. मुलीला फोन केला. झोप नाही बाबा, बघते, म्हणाली. जोडायला येऊ का, असं विचारलं. रेंज गेली बहुतेक.

२ जुलै
सही नाही. ऑफिसच्या जुन्या मसुद्यावरून स्मरणपत्र पाठवलं. ‘महोदया’ खोडायचं राहिलं.

१४ सप्टेंबर
पुन्हा फोन. ती म्हणाली, “बाबा, ती आता पालथी पडते. पाळण्यात ठेवता येणार नाही तिला. पेटी परत पाठवा, असं कळवलंय मी त्यांना.”
रागावली नव्हती. दमली होती. परत आलेल्या मालाची प्रक्रिया वेगळी असते, ती मला तोंडपाठ आहे, हे सांगायचं राहिलं.

२ डिसेंबर
पेटी सुटली. एजंट लावला होता. अधिकाऱ्याने झाकण उघडून विचारलं, घरात लहान मूल आहे का. नाही म्हटलं. ‘वापर: वैयक्तिक’ असं त्यानेच भरलं.
टेम्पोवाल्याने पेटी जिन्याखाली उतरवली. वर न्यायला दोघं लागतील, कमरेमुळे मला जमायचं नाही, कुणालातरी हाक मारा, म्हणाला.
कुणाला मारावी, ते आठवत बराच वेळ उभा होतो.