स्वराला घरी पाठवलं

सोमवार, ३ नोव्हेंबर
पहाटे जाग आली ती स्वप्नातल्या डस्टरच्या आवाजाने. गिरगावच्या शाळेत मास्तर टेबलावर डस्टर आपटून ठेका धरायचे आणि आम्ही पोरं बेंबीच्या देठापासून कविता म्हणायचो. तसा वर्ग आता कुठे...

परळचं हॉस्पिटल. मुलांचा दिवसभराचा विभाग. सकाळी आणायचं, दिवसभर बघायचं; संध्याकाळी घरी की वॉर्डात, ते मी ठरवायचं. आज स्वरा. सात वर्षांची, दमा, नायगावहून आजीबरोबर. माझी जुनी खोड: दमेकरी मुलांना कविता म्हणायला लावतो, एका श्वासात किती जातं ते कळतं. सकाळी दोन शब्दांवर अडकली. वाफारे दिले. संध्याकाळी सबंध कडवं, तेही आमच्या गिरगावच्या शाळेतल्याच चालीत! टाळ्या वाजवल्या मी.
सावंत सिस्टर : "सर, हिला गॅदरिंगला पाठवा!"
आजी : "डॉक्टरानू, हिका घराक न्हेव मां?"
"न्या. उद्या सकाळी दाखवायला आणा मात्र."

मंगळवार, ४
आली नाही. आजीचा फोन बंद.
ऑक्सिजन ठीक होता, हे खरं. पण गळ्याखाली खड्डा पडत होता. श्वासागणिक, थोडासाच; दम अजून लागत असल्याची खूण. दिसला होता मला. चाल ऐकत बसलो. गप्प मूल असतं तर रात्रभर ठेवलं असतं.

बुधवार, ५
केसपेपरवरच्या पत्त्यावर जाऊन आलो. चाळ रिकामी, पत्रे ठोकलेले. वॉचमन : "चाळ पाडणार ना, सगळे ट्रान्झिट कॅम्पात गेले, काका. कोण पायजे होतं?"
नात, म्हणालो. का, कोण जाणे.
सिस्टर वैतागल्या. "बरं वाटलं की कोणी फिरकत नाही सर, तुम्हाला काय नवीन आहे?"
नवीन नाही. पण न फिरकण्याचं तेवढं एकच कारण नसतं.

शुक्रवार, ७
दम्याचा एक मुलगा आला. कविता नको, आकडे म्हण म्हटलं. इंग्रजीत म्हणाला. छाती दोनदा ऐकली. वॉर्डात पाठवला, गरज नव्हती बहुधा. त्याची आई रडली.

विभाग रिकामा झालाय. घरी जायला हवं. बसलोय उगाच...

सिस्टर दारातून सांगतायत, "सर, कोणी गृहस्थ आलेत. स्वराचे बाबा म्हणे. सोमवारी तर नुसती आजीच होती!"
"एकटेच?"
"एकटेच दिसतायत."
पेन ठेवतो.