विचारून घेतलेलं रक्त

वसाहत, ४ फेब्रुवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तू धाडलेलं पडद्याचं उरलेलं कापड पोचलं. त्याचा आडपडदा मी आमच्या खोलीच्या मधोमध लावला. तेव्हापासून आई शेजारणींना सांगते, की आमच्या ठकीने माजघर काढलं. दुपारी पत्रा तापला की खोली आणि माजघर सारखंच भाजतं, पण ते ती सांगत नाही.

आता खरी बातमी. वसाहतीत डॉक्टरांची एक तुकडी आली आहे. मुख्य डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असतील. टोपी घालायचं विसरतात आणि नाक लालभडक करून घेतात. त्यांचं म्हणणं असं, की हिवतापावरची एक गोळी काही माणसांना सोसत नाही. ती पोटात गेली की त्यांच्या रक्तातल्या पेशी फुटतात, डोळे पिवळे होतात, आणि वेळीच कळलं नाही तर माणूस हातचा जातो. आपल्या मुलखातल्या लोकांत असे किती आहेत हे कुणालाच ठाऊक नाही, कारण आपल्याला कधी कुणी तपासलंच नाही. म्हणून त्यांना आपलं थोडं रक्त आणि थुंकी हवी आहे. उरलेलं रक्त गोठवून पुढच्या संशोधनासाठी ठेवू का, हेही ते निराळं विचारतात.

माझ्या शाळेच्या पत्र्याखाली सभा घेणार आहेत आणि त्यांचं बोलणं आपल्या भाषेत सांगायचं काम माझ्यावर आलं आहे. नळावर सकाळपासून हाच काथ्याकूट चाललाय. न्हाव्याने बाही केव्हाच वर करून ठेवलीय. सुतारकाका म्हणतात, थुंकी हवी तेवढी न्या, रक्ताला हात लावायचा नाही. तुला काय वाटतं ते कळव. वहिनीला नमस्कार. तुमची माया आहेच. ती पत्रातून अशीच येत राहू दे.

तुझी,
ठकी

शहर, १३ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. माजघराबद्दल अभिनंदन. वहिनी म्हणते, आता ओसरीचं कापड कुठल्या गिऱ्हाइकाचं कापू?

पण पुढचं वाचून हातातलं शिवण बाजूला ठेवलं आणि लगेच लिहायला बसलो. ठके, स्पष्ट लिहितो. रक्त द्यायचं नाही. तूही नाही आणि आईने तर मुळीच नाही. मुलूख सोडून आलो तेव्हा सरहद्दीवरच्या तळावर आपल्याला रांगेत उभं करून दंडात सुया खुपसल्या होत्या, ते तू विसरलीस का? का घेता म्हणून विचारलं तर शिपायाने पुढे सरक म्हटलं. मग सगळ्यांना गोळ्या वाटल्या, आणि दोन दिवसांत आपल्या थोरल्या अण्णाला उचलून त्या वेगळ्या शेडमध्ये नेलं. त्याच्या रक्तात त्यांना काय सापडलं ते आजवर कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की तो गेला, येऊन घेऊन जा. मी गेलो होतो त्याला आणायला. तू आईजवळ होतीस.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमचे इकडे येण्याचे कागद अजून कचेरीत आहेत. उद्या आईच्या रक्तात काही निघालं आणि ते कचेरीपर्यंत गेलं, तर तेवढ्यावर घोडं अडेल. इथे तुम्हा दोघींसाठी पलंग करून ठेवलाय. दुकानातून आलो की त्याच्यावर बसूनच चपला काढतो. तो रिकामा राहायला नको.

डॉक्टरीणबाई चांगल्या असतीलही. पण चांगल्या माणसांच्या वरही कुणीतरी बसलेलं असतं. एवढं माझं ऐक. उत्तर लगेच धाड, म्हणजे मशीनवर माझं लक्ष लागेल.

तुझा,
दादा

वसाहत, २१ फेब्रुवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल हाती आलं. सभा त्याआधीच झाली होती, आणि रक्तही देऊन झालं होतं. आधी बैस. मग पुढचं वाच.

तुझे प्रश्न तू लिहायच्या आधीच माझ्या डोक्यात होते. एकाच पोटच्या आपण, निराळे कुठून येणार? सभेत मी नुसतं दुसऱ्याचं बोलणं सांगत बसले नाही. मध्येच थांबून मी स्वतः विचारलं, की हे रक्त कागदांच्या कचेरीत जाणार का. बाई म्हणाल्या, नाही, बाटलीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. मी म्हटलं, मग आम्हाला निकाल कसा सांगणार? आणि सांगता येत असेल तर कुठला आकडा कुणाचा हे कुणाला तरी ठाऊक असणारच. लोक हसले. बाई नाही हसल्या. म्हणाल्या, खरं आहे, ते माझ्याकडे असतं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, की कचेरीचा माणूस त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, आणि नावांच्या कपाटाची एक किल्ली बाईंकडे, तर दुसरी आपल्या सुईणमावशींकडे राहील. दोन्ही लावल्याशिवाय कपाट उघडत नाही. वरिष्ठांशी बोलायला बाईंना चार दिवस लागले, पण तसं करून आल्या. मावशी आता किल्ली पदराला बांधून राणीसारख्या फिरतात.

सुतारकाका शेवटपर्यंत नाहीच म्हणाले. मी मुद्दाम त्यांच्यावर नजर ठेवली. धान्य मिळालं, औषध मिळालं, कुणी वाकडा शब्द बोललं नाही. नाही म्हटलेलं चालतं हे पाहिलं, आणि मगच मला हो म्हणावंसं वाटलं.

पण आई काही माझ्यासाठी थांबली नव्हती. मी मुलांचा वर्ग घेत होते तेवढ्यात ती एकटी जाऊन टेबलापाशी बसली. मी धावत गेले तर तिचा हात पुढे केलेला होता, पण सुई लागलेली नव्हती. ती बाईंना अण्णाचं सांगत होती. दादा, इतक्या वर्षांत ती माझ्यापाशीसुद्धा त्याचं नाव काढत नाही, तुला माहीत आहे. आणि तिथे एका परक्या पोरीला ती पहिल्यापासून सगळं सांगत होती. बाईंना आपली भाषा समजत नव्हती. तरी त्या हातातलं काम ठेवून ऐकत होत्या. मी शेजारी बसून एकेक वाक्य त्यांना सांगत गेले. तापाने फणफणलेला होता, गोळ्यांनी ताप उतरला, मग लघवी काळ्या चहासारखी झाली, मग डोळे. बाईंनी विचारलं, डोळे कसे? आई म्हणाली, हळदीसारखे.

मग बाईंनी आईला पुन्हा विचारलं, की तुम्हाला द्यायचं आहे ना, नको असेल तर आत्ताही उठून जाता येईल. आई म्हणाली, त्या वेळी कुणी हे विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं, की माझ्या माहेरी दोन भाऊ असेच गेले.

हे मलाही ठाऊक नव्हतं. तुला होतं का?

मी तिच्यामागून दिलं, आणि पुढच्या संशोधनालाही ठेवा म्हटलं. तुला राग येणार, तो येऊ दे. पण रागातही पत्र टाकायचं चुकवू नकोस.

तुझी,
ठकी

वसाहत, १९ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

चार ओळीच लिहिते, कारण हे आजच्याच टपालाने निघायला हवं. निकाल आले. गोळी न सोसण्याचा तो दोष आईच्या रक्तात आहे. तिला स्वतःला त्याचा त्रास नाही. पण तो आईकडून मुलांकडे जाऊ शकतो, आणि मुलग्यांना जास्त भोवतो. अण्णाला तो असणार असं बाई म्हणतात. त्याला दुसरा कुठला रोग नव्हता, दादा. त्याला ती गोळी सोसली नाही. माझ्यात दोष नाही.

आता तू उरलास. तपासून घे. तोवर ताप आला तर कुणी दिलेली गोळी आंधळेपणाने घेऊ नकोस. वहिनीला मी वेगळी चिठ्ठी लिहिली आहे, कारण तुझ्यावर माझा भरवसा नाही.

आई बरी आहे. परवापासून ती सगळ्या आयांना गाठून त्यांच्या माहेरची चौकशी करते. निम्मी वसाहत तिला डॉक्टरीण म्हणू लागली आहे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लागलेली,
ठकी

शहर, १ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुला लिहितो आहे. ठकीने वाचून दाखवावं, आणि मध्ये स्वतःचं काही घालू नये.

तुझ्या सुनेने मशीनचा पट्टा काढून ठेवला आणि इस्पितळात जाऊन आल्याशिवाय देणार नाही म्हणाली. गेलो. माझ्यातही तो दोष आहे, आई. घाबरू नकोस. डॉक्टर म्हणाले, कुठली औषधं टाळायची हे माहीत असलं की माणूस म्हातारा होऊन मरतो. त्या औषधांची नावं लिहिलेलं एक कार्ड दिलंय, ते पाकिटात असतं.

मग त्यांनी विचारलं, की हाच अभ्यास इथेही चालू आहे, आणखी थोडं रक्त द्याल का. मी त्यांना ठकीचे सगळे प्रश्न विचारले, किल्लीचासुद्धा. त्यांनी एकेकाचं नीट उत्तर दिलं. नाही म्हणालात तरी तुमचे उपचार चालूच राहतील, असंही सांगितलं. मी बाही वर केली. सुई हातात घेतलेली नर्स थांबली, आणि तिने घेऊ का म्हणून परत विचारलं. मी म्हटलं, घ्या.

त्या शेडमधून मी अण्णाला आणलं तेव्हा तू विचारलं होतंस, त्याला काय झालं होतं. मला सांगता आलं नव्हतं. आज सांगता येतं. त्याला ताप होता, आणि तापावरची एक गोळी त्याला सोसली नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं आणि तुझंही नाही. आता आपल्यातल्या कुणाला ती गोळी देण्याआधी विचारतील.

कागदांसाठी परवा कचेरीत जाऊन आलो. अर्ज पुढच्या टेबलावर गेलाय. यायला निघाल तेव्हा कळवा, मी दुकान बंद ठेवून स्टेशनवर येईन. तुझा आशीर्वाद लागतोच. तो या खेपेला स्वतः घेऊन ये.

तुझा,
मधला

ता. क. त्या दोन मामांचं मलाही ठाऊक नव्हतं. आलीस की त्यांची नावं सांग.