वाढत्या अंगाची मुलगी

३ जून
आले एकदाची! खोली छोटी, पण ऊन भरपूर. प्रयोगशाळा समोरच. उत्खननातून आलेले सांगाडे ब्रशने साफ करायचे, मोजायचे, वय ठरवायचं. घरात एवढं दुःख असताना हाडांत कशाला जातेस, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. हाडं निदान सांत्वन तरी करत नाहीत, म्हटलं. हे हसले. छकुली गेल्यापासून पहिल्यांदाच.

५ जून
पहिली पेटी उघडली. हजारो वर्षांपूर्वीची मुलगी. दुधाचे दात पडायला लागलेले, म्हणजे सहाएक वर्षांची. आमच्या छकुलीएवढीच. मांडीचं हाड हातात घेतलं आणि रडू कोसळलं. विभागप्रमुख बाईंनी पाणी दिलं, दुसरी पेटी घे म्हणाल्या. मी नको म्हटलं.

९ जून
तेच हाड आज बोटभर जास्त लांब भरलं. रडत मोजलंस तर चुकणारच, असं बाईंचं म्हणणं. पण दातही नवे आलेत. पहिल्या दिवशीच्या फोटोत ते नाहीत.

१२ जून
पेट्यांची अदलाबदल झाली, म्हणे. छे! कपाळावरची चीर तीच. ती वाढतेय. घाबरायला हवं होतं. मी मात्र दार लोटून तिच्याशी बोलत बसले. वाढत्या अंगाची आहेस हो, म्हटलं.

१६ जून
बांगड्या आपोआप गळून पडतात. जेवताना दाढ हलली आणि हातातच आली. रक्त नाही. यांनी फोनवर विचारलं, आवाज असा का येतोय? सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घेऊन गेले असते.

१९ जून
स्वतःचा हात मोजला. आखूड झालाय — ती कुठून घेतेय ते कळलं. जीव घाबरा झाला. पेटी बंद करून खोलीवर पळाले. पण तापात छकुलीने विचारलं होतं, आई, मी मोठी कधी होणार — परत गेले. झाकण काढलं. घे, म्हटलं.

२१ जून
पेटीत मावेना. टेबलावर निजवली. पुरती बाई झालीय — माझ्याहून उंच. मला उभं राहवत नाही. बाईंनी यांना बोलावून घेतलंय.

२२ जून
बोटं मेणासारखी — हे आले. दारातच थबकले. माझ्याकडे बघतच नाहीत — माझ्या मागे — छकुले, म्हणाले — टेबल करकरलं — बाबा, अशी हाक — केवढा मोठा आवाज झालाय गं तुझा — मला वळून पाहता —